हिमेजीचा किल्ला: गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

जपानचा बेत आखणाऱ्या गोंयकारांच्या यादीत एक किल्ला असतोच, आणि बहुतेक वेळा तो ओसाकाचा असतो. टूरवाल्यांच्या कार्यक्रमातही तोच. तिथे आत शिरलात की लिफ्ट दिसते, कारण ती इमारत १९३१ साली लोकवर्गणीतून काँक्रीटमध्ये उभी राहिली. आत संग्रहालय आहे, बाहेरून फोटो झकास येतो. खंदक आणि तटाचे अवाढव्य दगड मात्र सतराव्या शतकातले, अगदी अस्सल. ज्यांच्याबरोबर चाकाची खुर्ची आहे किंवा गुडघ्यांनी राम म्हटलेले आईवडील आहेत, त्यांनी बिनदिक्कत ओसाकालाच जावं. बाकीच्यांनी तासाभराचा आणखी प्रवास करून हिमेजी गाठावं.

किल्ल्याच्या मधोमध जो उंच मजल्यामजल्यांचा मनोरा दिसतो त्याला जपानीत तेन्शु म्हणतात. काही विजा पडून जळाले, काही १८६८नंतरच्या मेइजी काळात सरकारनेच पाडले, काही १९४५च्या बाँबहल्ल्यांत गेले. जुने, लाकडाचे तेन्शु आज देशभरात फक्त १२ उरले आहेत. त्यांपैकी ५ राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेले: हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुमोतो आणि मात्सुए. मुक्काम क्योतोत असेल तर हिकोने सोयीचा, नागोयात असेल तर इनुयामा. पण एकच बघायचा असेल तर हिमेजी. कारण इथे नुसता मनोरा उरलेला नाही, त्याच्यापर्यंत नेणारी वाटही जवळजवळ पूर्ण शाबूत आहे. माझ्या मते किल्ला म्हणजे ती वाटच. मनोरा हे तिचं शेवटचं टोक. बहुतेक पर्यटक ही वाट दहा मिनिटांत धावत संपवतात, वर जिन्यांच्या रांगेत तास घालवतात आणि खाली आल्यावर म्हणतात, आत तर काहीच नव्हतं.

आत काही नसतं हे खरंच आहे. सिंहासन नाही, पलंग नाही, झुंबरं नाहीत. तेन्शुत सहसा कोणी राहत नसे. सरदाराचा वाडा खाली सपाटीवर असायचा. वरचा मनोरा शस्त्रं ठेवायला, शेवटची झुंज द्यायला आणि मुख्य म्हणजे दहा कोसांवरून दिसून दरारा बसवायला.

गोव्यातले किल्ले डोळ्यांत घेऊन गेलं की आणखी एक गोंधळ होतो. आग्वाद १६१२ साली पुरा झाला, हिमेजीचा तेन्शु १६०९ साली. तीन वर्षांचं अंतर, पण एकमेकांशी कसलंच साम्य नाही. आग्वादचे तट बुटके, रुंद, चिऱ्यांचे आणि मांडवीच्या मुखाकडे तोंड करून बसलेले, कारण धोका होता तो डच गलबतांवरच्या तोफांचा. उंच भिंत तोफेला आयतीच सापडते. जपानमध्ये त्या काळी मोठ्या तोफा फारशा नव्हत्या. होत्या त्या बंदुका, आणि त्या पहिल्यांदा १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या हातूनच पोचल्या. पुढच्या काही दशकांत जपानी लोहारांनी त्या हजारोंनी घडवल्या आणि किल्ले त्या हिशेबाने बदलले: खाली दगडी जोतं, वर जाड लिंपलेली भिंत, भिंतीत गोळी झाडायला भोकं. शत्रू पायी येणार, शिड्या लावणार, दारं फोडणार असं धरून सगळी रचना केलेली. म्हणून उंची चालली, आणि म्हणून वाट इतकी वाकडी.

टेकडीवर गढी होती ती चौदाव्या शतकापासून. पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८०च्या सुमारास तिथे तीन मजली तेन्शु बांधला. देशाची सत्ता तोकुगावा घराण्याकडे नेणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर हा मुलूख तोकुगावांचा जावई इकेदा तेरुमासा याला मिळाला आणि त्याने १६०१ ते १६०९ या काळात आजचा किल्ला उभारला. बाहेरून मोजलं तर पाच मजले, आतून सहा आणि खाली एक तळघर. दगडी जोतं जवळपास १५ मीटर, त्यावर इमारत साडेएकतीस मीटर. एवढं माहीत असलं की पुरे. सगळे सरदार पाठ करायची गरज नाही.

आता तिकीट. १ मार्च २०२६ पासून हिमेजी शहराबाहेरच्या प्रौढांना २५०० येन पडतात, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास. शहरातल्या रहिवाशांना १००० येन, १८ वर्षांखालच्या सगळ्यांना फुकट. जुन्या ब्लॉगांवर सरसकट १००० येन लिहिलेलं आढळेल, ते विसरा. मुलांच्या वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. शेजारच्या कोकोएन बागेचं जोडतिकीट थोड्याच जादा पैशांत मिळतं, ते घ्यावं. किल्ला सकाळी ९ला उघडतो, ५ला बंद होतो, पण शेवटचा प्रवेश ४ला. २९ आणि ३० डिसेंबरला बंद, आणि नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्या गोव्याच्या कुटुंबांची नेमकी इथेच फसगत होते. दुपारी तीननंतर पोचलात तर पैसे पुरते वसूल होणार नाहीत. निवांत बघायला तीन तास लागतात, बाग धरून चार.

स्टेशनच्या उत्तर दाराबाहेर एक उंचावरचा सज्जा आहे. तिथून सरळ रुंद रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. चालत १५ ते २० मिनिटं, चढ नाही. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून निघा, मोठ्या आकाराचे लॉकर सकाळी दहापर्यंत भरतात.

खंदकावरचा पूल ओलांडला की ओतेमोन दरवाजा, मग सान्नोमारू नावाचं मोठं हिरवं मैदान. पूर्ण तेन्शुचा समोरून फोटो इथूनच येतो, तो सकाळीच काढा. शौचालयाला जायचं असेल तर तेही इथेच उरका. तेन्शुत शौचालय नाही, आणि एकदा रांगेत शिरलात की मागे फिरणं अवघड.

तिकीट दाखवून आत गेलात की हिशि दरवाजा. किल्ल्यातला सर्वांत मोठा दरवाजा हाच. वरच्या खिडक्यांच्या चौकटी काळ्या लाखेच्या, त्यावर सोनेरी पत्रे. इथून वाट फुटते. डावीकडे पश्चिमेचा कोट, समोर तेन्शुकडची चढण. सकाळी आलात तर सरळ वर जा, पश्चिमेचा कोट परतताना करा. अकरानंतर तेन्शुत गर्दी होते, कोटात तितकीशी कधीच नसते.

पुढचे दरवाजे जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमाने ओळखले जातात: इ, रो, हा, नि, हो. इ आणि रो चटकन मागे पडतात. रो ओलांडल्यावर जी चढण लागते तिथे पहिल्यांदा थांबा. एका बाजूला पांढरी भिंत, भिंतीत ओळीने भोकं. उभं आयताकृती भोक धनुष्यासाठी, कारण धनुष्य उभं धरून वरखाली नेम धरावा लागतो. गोल, त्रिकोणी आणि चौकोनी बंदुकीसाठी. किल्ल्यात अशी सुमारे हजार भोकं आजही आहेत. एकदा आतल्या बाजूने हात घालून बघा: आत रुंद, बाहेर चिंचोळं. आतल्याला बंदूक फिरवता येते, बाहेरच्याला नेम धरायला जागा मिळत नाही. चढणीच्या पायऱ्याही मुद्दाम बेताल आहेत. एक लांब, एक आखूड, त्यामुळे धावण्याची लय लागत नाही. आजही लागत नाही, मोबाइल बघत चालणारे इथेच ठेचकाळतात.

‘हा’ दरवाज्यातून बाहेर आलं की तेन्शु हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि नेमकी इथेच वाट तुम्हाला पाठ फिरवून उलट दिशेला चालायला लावते. १८० अंशांचं वळण. चढून आलेला हल्लेखोर बाजूने, मग पाठीमागून माऱ्यात येतो. आज दोऱ्या आणि बाणांच्या पाट्या असतात म्हणून आपण चुकत नाही. पाट्या नाहीत असं समजून एकदा चहूकडे बघा म्हणजे फास कळतो.

समोरचा ‘नि’ दरवाजा बुटका आहे. छताला डोकं लागेल इतका. आत वाट अंधारात वळते आणि वरच्या मजल्याच्या फळ्या उचलून खालच्यावर भाला चालवण्याची सोय आहे. पण गोव्याच्या माणसाने आत शिरण्याआधी मान वर करावी. छपराच्या टोकावरच्या एका कौलावर स्पष्ट क्रूस कोरलेला आहे. हिदेयोशीचा सल्लागार कुरोदा कान्बेई याच किल्ल्यात वाढलेला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला होता. कौलाचा संबंध त्याच्याशी जोडतात. पुरावा पक्का नाही, पण ओल्ड गोव्याशी जपानचं नातं मात्र पक्कं. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहूनच निघून जपानला पोचले, आणि पुढे हिदेयोशीचा धनी नोबुनागा याच्या किल्ल्यांची वर्णनं लिहून ठेवणारा लुईश फ्रोइश हा जेजुइट जपानला जाण्याआधी कित्येक वर्षं गोव्यात होता. गटाबरोबर असाल तर मार्गदर्शक हे कौल दाखवेलच असं नाही. विचारा.

‘हो’ दरवाजा छोटा, लोखंडी पत्रा ठोकलेला, वाकून जावं लागतं. बाजूला एक तपकिरी, न लिंपलेली मातीची भिंत दिसेल. पांढऱ्या किल्ल्यात ती एकटीच वेगळी. माती कुटून, थर घालून ती बांधलेली आहे आणि मजबुतीसाठी तांदळाचं पाणी मिसळल्याचं सांगतात. जवळच्या तटात एका दगडावर तारेची जाळी लावलेली असते. तो जात्याचा दगड. हिदेयोशीला दगड कमी पडले तेव्हा एका गरीब म्हातारीने तो दिला, अशी दंतकथा आहे. दगड कमी पडले हे मात्र दंतकथा नाही. तटांत जुन्या शवपेट्यांचे, दीपस्तंभांचे दगड बसवलेले दिसतात, नीट बघितलं तर सापडतात.

यानंतर वाट एकदम उतरू लागते. वर तेन्शु, आणि आपण खाली. चुकलो की काय असं वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच ती उतरती केली आहे. इथे लोक खरोखरच थांबून एकमेकांना विचारतात. बरोबर आहे वाट, चालत राहा.

दगडी जोत्याबद्दल दोन गोष्टी. कोपरे खाली तिरके आणि वर जाता जाता जवळजवळ उभे होतात, उघडलेल्या पंख्याच्या कडेसारखे. खालून चढायला सोपं वाटतं आणि अर्ध्यावर अंग बाहेर फेकलं जातं. दुसरं, या दगडांत चुना नाही. बाहेरचा दगड नुसता रचलेला, मागे बारीक खडीचा जाड थर. पावसाचं पाणी खडीतून निथळून बाहेर पडतं, तटावर दाब येत नाही. भूकंपात दगड किंचित हलतात आणि परत बसतात. नेहमी बसतातच असं नाही, २०१६च्या भूकंपात कुमामोतोचे तट ठिकठिकाणी ढासळले.

भिंतींचा पांढरा गिलावा मात्र आपल्या ओळखीचा. जुन्या गोव्यातल्या घरांना आणि चर्चना शिंपल्यांचा चुना वापरत. इथेही चुना, भाजलेल्या शिंपल्यांची भुकटी, अंबाडीसारख्या झाडाचे धागे आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेली खळ. धाग्यामुळे तडा जात नाही, खळीमुळे गिलावा हळू सुकतो. पांढरा रंग शोभेसाठी आहेच, पण खरं काम आगीपासून लाकूड वाचवण्याचं. कौलांच्या सांध्यांवरही हाच गिलावा भरलेला असतो, म्हणून २००९ ते २०१५च्या दुरुस्तीनंतर सगळं छप्परच पांढरं दिसत होतं. इंटरनेटवरचे चकचकीत फोटो त्या काळातले. आता सांध्यांवर बुरशी येऊन छप्पर करडं झालं आहे. किल्ल्याची हेळसांड झाली असं समजू नका, दमट हवेत चुन्याचं असंच होतं, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

तेन्शुच्या दारात बूट काढायचे. प्लास्टिकची पिशवी देतात, बूट त्यात घालून हातात घेऊन चढायचं. इथेच बहुतेकांची पंचाईत होते. एका हातात बूट, दुसऱ्यात फोन, पाठीवर पिशवी, आणि जिना जवळजवळ शिडीसारखा उभा. त्यामुळे खांद्यावर अडकवता येईल अशी रिकामी कापडी पिशवी बरोबर न्या आणि बूट तिच्यात टाका. दोन्ही हात कठड्याला मोकळे हवेत. शतकानुशतकं पायांनी घासून लाकूड गुळगुळीत झालं आहे, नायलॉनच्या मोज्यांवर सरळ घसरायला होतं. जाड सुती मोजे घाला. आपल्याकडून चपला घालून गेलेले लोक अनवाणी चढतात. ऑक्टोबरपर्यंत ते ठीक, जानेवारीत फळ्या बर्फासारख्या लागतात. साडी किंवा पायघोळ ड्रेस टाळा, चढताना निऱ्या पायात येतात आणि मागचा माणूस पदरावर पाय देतो. उतरताना जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरतात तसं उतरा. लाजू नका, जपानी आजोबाही तसेच उतरतात. डोक्यावरच्या तुळयांकडे लक्ष ठेवा, साडेपाच फुटांच्या वरच्या सगळ्यांना त्या लागतात. ट्रायपॉड, सेल्फी-स्टिक, खाणं, सगळ्याला मनाई. साधा फोटो चालतो.

मनोऱ्याच्या आत बघायचे ते दोन खांब. पूर्वेचा आणि पश्चिमेचा, तळघरापासून सहाव्या मजल्याच्या जमिनीपर्यंत गेलेले, सुमारे २५ मीटर उंच, तळाशी जवळपास मीटरभर जाडीचे. सगळी इमारत या दोघांवर तोललेली. पूर्वेचा बहुतांशी जुनाच आहे. पश्चिमेचा आतून कुजला होता, १९५६ ते १९६४च्या दुरुस्तीत तो बदलला. कीसोच्या रानातून आणलेलं झाड वाहतुकीत मोडलं, म्हणून दोन झाडं जोडून खांब केला. तिसऱ्या मजल्यावर तो सांधा शोधा, दिसतो. त्याच दुरुस्तीत पायात काँक्रीट घातलं, कारण वजनाने मनोरा आग्नेयेकडे कलला होता. म्हणजे शंभर टक्के जुनं असं इथेही नाही. पण जे बदललं ते लाकडातच, जुन्याच पद्धतीच्या सांध्यांनी, आणि कुठे बदललं ते नोंदवून ठेवलेलं.

तळघरात मोरी आणि शौचकूप आहेत, वेढा पडला तर वापरायला. वापराच्या खुणा नाहीत, कारण तसा वेढा कधी पडलाच नाही. पहिल्या-दुसऱ्या मजल्यांच्या भिंतींवर बंदुका आणि भाले टांगायच्या लाकडी खुंट्या. कोपऱ्यांत बाहेर झुकलेले कप्पे, त्यांची झाकणं उघडून खालच्यांवर दगड टाकायचे. वर उंच खिडक्यांशी पोचायला चौथरे, कारण खिडकी वर ठेवल्यावर बंदुकीचा धूर बाहेर जातो. पाचवा मजला अंधारा, तिथे रेंगाळायचं कारण नाही. सहाव्यावर ओसाकाबे देवतेचं देवघर. ही मूळ टेकडीची देवता. किल्ला बांधताना तिला हलवलं, पुढे इकेदा आजारी पडला तेव्हा देवीचा कोप झाला म्हणून परत वर आणून बसवली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे गावाच्या वेशीवरच्या राखणदाराला न विचारता बांधकाम काढलं की काय बोलतात, तसाच प्रकार. खिडकीतून दक्षिणेला स्टेशनपर्यंतचा सरळ रस्ता दिसतो. हे सगळं शहर ३ जुलै १९४५च्या रात्री जळलं. किल्ला विमानांतून दिसू नये म्हणून त्यावर काळी जाळी पसरली होती. त्याच्यावरही बाँब पडला, पण पेटला नाही.

गर्दीच्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साकुराच्या म्हणजे चेरीच्या बहराच्या वेळी, मेच्या सुरुवातीच्या सुट्टीत आणि ऑगस्टमध्ये ओबोन या पितरांच्या सणाला, तेन्शुसाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात. त्या संपल्या की मनोऱ्यात प्रवेश नाही, बाकी किल्ला बघता येतो. त्या दिवसांत पावणेनऊला दारात हवं. जून-जुलैच्या पावसात जायला हरकत नाही, फक्त कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी ठेवा. ऑगस्टमध्ये आतली हवा कोंदट होते, पंखा नाही, आणि पारा ३५च्या पुढे. नोव्हेंबर सर्वांत बरा.

उतरल्यावर बिझेन कोटाच्या मोकळ्या जागेतून तेन्शु मान मोडेपर्यंत वर बघावा लागतो. मग पुढे ओकिकूची विहीर. दहा ताटांपैकी एक हरवलं या आळावर मोलकरणीला मारून विहिरीत टाकलं, आणि रात्री विहिरीतून एक ते नऊ मोजण्याचा आवाज येई, ही गोष्ट जपानमध्ये पोराटोरांना ठाऊक असते. छपरांच्या कडेच्या गोल कौलांवर वेगवेगळी चिन्हं दिसतील. फुलपाखरू म्हणजे इकेदा. ज्या मालकाच्या काळात जी दुरुस्ती झाली, त्याचं चिन्ह तिथे.

पश्चिमेचा कोट होंदा घराण्याच्या वेळचा, १६१७ नंतरचा. तोकुगावा इएयासूची नात सेन्हिमे इथे राहिली. पहिला नवरा ओसाकाच्या वेढ्यात गेला, दुसऱ्या लग्नाने ती हिमेजीला आली. लांबच लांब लाकडी ओवरी आहे, बाजूला दासींच्या खोल्या. इथेही बूट काढायचे. जिने कमी, त्यामुळे तेन्शु न जमणाऱ्यांनी हे नक्की करावं. कोकोएन बाग १९९२ची, जुन्या सामुराई घरांच्या जागेवर केलेल्या नऊ बागा. दमलेल्या पायांना बरी.

खाण्याचं म्हणाल तर नुस्तें खाणाऱ्यांची चैन आहे. इथली अनागो म्हणजे समुद्री वाम प्रसिद्ध, भाजून भातावर घालतात. ओदेन नावाचा रश्शातला प्रकार इथे आल्याच्या सोया सॉसबरोबर खातात. पक्क्या शिवराकांनी मात्र सावध राहावं, नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या पाण्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, स्टेशनवरच्या प्रसिद्ध एकिसोबातही. त्यांच्यासाठी हिमेजीच्या कॅफेंमध्ये बदामाचं लोणी लावलेला टोस्ट मिळतो, तो इथलाच खास पदार्थ. सोबत दशम्या नेल्या असतील तर त्या किल्ल्याबाहेर मैदानावर बसून खा.

व्हिसाचं एक. भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतो, पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना ९० दिवसांपर्यंत लागत नाही. गोव्यात एकाच घरात दोन्ही पासपोर्ट असतात आणि एकाचा व्हिसा करायचा राहून जातो, तेव्हा तिकीट काढण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून बघा. ई-व्हिसा मिळाला असेल तर विमानतळावर तो इंटरनेटवरून फोनवर उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील कागद चालत नाही. म्हणजे रोमिंग किंवा ई-सिम उतरण्याआधी चालू हवं.

ओसाका स्टेशनवरून हिमेजीला शिंकाइसोकु नावाची जलद लोकल तासाभरात नेते, भाडं सुमारे १५०० येन, आरक्षण नको, इकोका हे आधी पैसे भरलेलं प्रवासकार्ड दारात टेकवलं की झालं. शिन-ओसाकाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्धा तास, पण भाडं दुपटीच्या वर आणि तिकीट वेगळं काढावं लागतं. वाचलेला अर्धा तास शिन-ओसाकाला पोचण्यातच जातो, तेव्हा हिरोशिमाकडे पुढे जायचं असेल तरच तिचा विचार करा. शिंकाइसोकुत सकाळी आठच्या सुमाराला उभं राहावं लागतं. जागा हवी असेल तर दहा मिनिटं आधी फलाटावर जाऊन जमिनीवरच्या खुणांवर रांगेत उभे राहा.